लागणारे भय आणि दिसणारे भय : सावित्रीचे खोरे व भयपटांतील डोंगर

१

महाबळेश्वरच्या पठाराची पश्चिमेकडील कड जेथे एकाएकी तुटते, तेथे उभे राहून खाली पाहिले असता सावित्री नदीचे खोरे दृष्टीस पडते. नदीचा उगम वर, महाबळेश्वरी मानला जातो. कडा उतरून ती पोलादपूरवरून महाडास येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. कड्याच्या माथ्यावर १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम याच्या पुढाकाराने वसलेले थंड हवेचे ठिकाण आहे. पायथ्याशी महाड व पोलादपूर तालुक्यांतील कोंड, वाड्या आणि धनगरवाडे आहेत. या दोहोंना आंबेनळी घाटाचा रस्ता जोडतो. कडा एकच, परंतु वरून पाहणाऱ्यास तो देखावा वाटतो आणि खालून पाहणाऱ्यास ती रोजची वाट, गुरांचे रान व पावसाळ्यातील चिंता वाटते.

१९७२ साली प्रदर्शित झालेल्या ‘दो गज जमीन के नीचे’ या हिंदी भयपटाचे चित्रीकरण याच कड्याच्या माथ्यावर, महाबळेश्वरात झाले. हिंदी भयपटांच्या एका दीर्घ परंपरेचा तो आरंभ होय. या परंपरेने डोंगर, दाट रान, धुके आणि एकाकी बंगला यांना भयाचे कायमचे घर करून टाकले. त्याच डोंगराच्या पायथ्याशी भयाची एक जुनी व स्वतंत्र भाषा नांदत होती. या दोन भाषांचा परस्परांशी संबंध काय, पहिलीतून दुसरीत काय आले आणि काय गळले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रतिपादन थोडक्यात असे. मराठी लोकभाषेतील डोंगराचे भय हे ‘लागणारे’ भय आहे. ते ठरावीक जागी, ठरावीक वेळी व ठरावीक नावाने लागते. भयपटातील भय हे ‘दिसणारे’ भय आहे. त्यास पाहणारा डोळा हवा, जागेचे खरे नाव मात्र असले काय आणि नसले काय सारखेच. हा फरक वरवर शैलीचा वाटला तरी त्याचे परिणाम केवळ शैलीपुरते राहिलेले नाहीत.

२

प्रथम ज्या शब्दांनी डोंगराळ व निर्जन प्रदेशाचा निर्देश होतो त्यांचा विचार करणे इष्ट होईल. मराठीतील ‘रान’ हा शब्द संस्कृत ‘अरण्य’ यापासून प्राकृत ‘रण्ण’ या रूपाच्या द्वारे आला. मूळ शब्दात वस्तीबाहेरचा, परका प्रदेश हा अर्थ प्रधान आहे. मराठीत मात्र हा शब्द माणसाच्या फार जवळ आला. शेतकरी ‘रानात गेला’ म्हणजे शेतावर गेला. रानभाजी ताटात येते, रानमेवा मुलांच्या ओच्यात येतो. रान हे वस्तीबाहेर असले तरी व्यवहाराबाहेर नाही. याच्या उलट, १९८८ साली रामसे बंधूंच्या एका गाजलेल्या भयपटाने ‘वीराना’ हा शब्द शीर्षकासाठी घेतला. तो फारसी ‘वीरान’ यापासून निघालेला असून ओसाड, माणूस नसलेली जागा असा त्याचा अर्थ आहे. शीर्षकाची निवड परिणामकारक आहे यात संशय नाही; तथापि ‘रान’ आणि ‘वीराना’ यांच्यामधील अंतर हेच लोकभाषा आणि भयपट यांच्यामधील अंतर होय.

‘घाट’ या शब्दाचा इतिहासही याच दिशेचा आहे. मराठीत घाट म्हणजे डोंगर उतरण्याची वा चढण्याची वाट. नदीकाठी उतरण्याच्या पायऱ्यांनाही तोच शब्द आहे. युरोपीय प्रवाशांनी आणि नकाशेकारांनी वाटेचे नाव सबंध डोंगररांगेस दिले, आणि सह्याद्रीचा ‘पश्चिम घाट’ झाला. स्थानिकाच्या तोंडी जी जाण्यायेण्याची सोय होती, ती परक्याच्या लेखी अडथळ्याची भिंत ठरली. परक्याने आपल्या प्रवासाच्या अनुभवावरून प्रदेशास नाव द्यावे, ही प्रवृत्ती पुढे चित्रपटातही आढळते.

डोंगर कोणास भिववतो, या प्रश्नाचे एक उत्तर या भागाच्या राजकीय इतिहासात मिळते. जावळीचे खोरे दाट झाडी व अवघड वाटा यांसाठी प्रसिद्ध होते. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी मोऱ्यांकडून घेतली. रायरीचा डोंगरही त्याच मोहिमेत त्यांच्या ताब्यात आला व पुढे तो रायगड झाला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला, तेव्हा खानाच्या मोठ्या फौजेस झाडीत व घाटवाटांत हालचाल करणे कठीण गेले. ते रान मावळ्यांच्या परिचयाचे होते आणि फौजेस अपरिचित होते. अर्थात रानाचे भय हा रानाचा अंगभूत गुण नसून पाहणारा व रान यांच्यामधील संबंधाचा गुण आहे.

याच परिसरात, महाड तालुक्यात, शिवथरघळ आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती जागा प्रकाशात आणली आणि समर्थ रामदासांच्या दासबोधाशी तिचे नाते सांगितले जाऊ लागले. धबधब्यामागील अंधारी घळ, चहूबाजूंस उंच डोंगर, पावसाळ्यात पाण्याचा अखंड आवाज, ही सर्व सामग्री भयपटास पुरेशी आहे. परंतु मराठी परंपरेने या सामग्रीवर ‘एकांत’ हा शब्द योजला. एकांत म्हणजे माणूस नसणे नव्हे, तर एकच माणूस असणे. साधकास हवा तो एकांत. भयपटास हवे ते निर्जन. जागा तीच असू शकते, शब्दाने तिचा अर्थ पालटतो.

३

आता लोकभाषेतील भयाकडे वळू. कोकणातील भूतविषयक समजुतींचा एक महत्त्वाचा संग्रह इंग्रजी अमदानीत तयार झाला. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून माहिती जमविली होती. १९०९ साली नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी त्याचा वध केल्यानंतर आर. ई. एन्थोव्हेन याने ती सामग्री संपादित केली. तिचा कोकणविषयक भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील मास्तरांची उत्तरेही त्यात आहेत. परकीय अधिकाऱ्याने आपल्या चौकटीत बसविलेली ही माहिती असल्यामुळे ती जपूनच वापरली पाहिजे. तरीसुद्धा तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: कोकणातील भुतांची नावे ही बहुतांशी जागांची व मरणाच्या प्रकारांची नावे आहेत.

गिऱ्हा पाण्यात राहतो; बुडून मेलेल्याचे ते भूत असून तो माणसास खोल पाण्याकडे ओढून नेतो अशी समजूत आहे. मुंजा पिंपळावर असतो. मुंज झालेला परंतु सोडमुंज न झालेला मुलगा मेला तर तो मुंजा होतो. वेताळ हा भुतांचा नायक, त्याचे स्थान शेंदूर लावलेल्या दगडांपाशी व गावाच्या शिवेवर. हडळ ही बाळंतपणात अथवा विटाळात मेलेल्या स्त्रीची. जखीण या शब्दात संस्कृत ‘यक्षिणी’ दडलेली आहे, आणि समंध हा ‘संबंध’ याचाच लोकरूपातील अवतार असून ज्याचा जगाशी संबंध सुटला नाही तो समंध, असा अर्थ त्यातून निघतो. डोह, पिंपळ, शीव, खिंड, तिठा अशा प्रत्येक संशयास्पद जागेस तिचा तिचा धनी आहे. गावाभोवतीच्या प्रदेशाचा हा एक तोंडी नकाशाच होय.

या नकाशात सर्वांत उद्बोधक शब्द ‘चकवा’ हा आहे. रात्री ओळखीच्या रानातून जाताना माणूस वाट चुकतो आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो; यास चकवा लागणे म्हणतात. ‘चकणे’ या क्रियापदापासून हे नाम बनले आहे. चकव्यास रूप नाही, चेहरा नाही, पूर्वजन्मीची कथा नाही. तो एक प्रसंग आहे. त्यावरील उपायही प्रसंगास साजेसा: एका जागी बसावे, उजाडेपर्यंत थांबावे. कड्याच्या काठावर रात्री भरकटणाऱ्या माणसास याहून शहाणा सल्ला कोणी दिला असता असे वाटत नाही.

येथे क्रियापदाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. मराठीत चकवा ‘लागतो’, भूत ‘लागते’, बाहेरचे ‘लागते’, नजर ‘लागते’. संस्कृत ‘लग्’ या धातूपासून आलेल्या या क्रियापदाचा मूळ अर्थ चिकटणे, स्पर्श होणे असा आहे. भूक, तहान, ठेच, ऊन, धाप यांनाही हेच क्रियापद लागते. ‘त्याला चकवा लागला’ या वाक्यात ज्यास अनुभव आला तो ‘-ला’ प्रत्यय घेऊन येतो आणि भय हे कर्त्याच्या जागी बसते. माणूस भुतास पाहत नाही. भूत माणसास येऊन चिकटते, जसे ऊन चिकटते. या व्याकरणात भय ही शरीराची व जागेची गोष्ट आहे, डोळ्यांची नव्हे. जुन्या भुतांच्या वर्णनात त्यांच्या रूपाचे तपशील नाहीत असे नाही. उलटे पाय, मोकळे केस हे सर्वपरिचितच आहेत. परंतु रूप हा त्या भयाचा अलंकार आहे. त्याचा कणा ‘कोठे, केव्हा, कसे लागते’ हा आहे.

या जुन्या नकाशाचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. त्यातील कित्येक भुते विशिष्ट जातीच्या मृतांची मानली जात, म्हणजे माणसांची उतरंड मेल्यावरही सुटत नसे. भयाचा नकाशा हा सत्तेचाही नकाशा होता. ज्या महाडात एखाद्या डोहाचे पाणी गिऱ्ह्याच्या भयाने कोणी शिवत नसेल, त्याच महाडात चवदार तळ्याचे पाणी माणसांनी माणसांना शिवू दिले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली ते भय मोडण्यात आले. लोकभाषेतील भयाचा अभ्यास करणाऱ्याने ही तारीख दृष्टीआड करता कामा नये.

४

चित्रपटातील डोंगराच्या भयाची मूळ चौकट युरोपीय कादंबरीतून आलेली आहे. ब्रॅम स्टोकर याच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत शहरातील एक तरुण कामानिमित्त कार्पेथियन पर्वतात जातो. वाटेतील खाणावळीत गावकरी त्यास सावध करतात. तो ऐकत नाही. रात्री घाट ओलांडून तो एकाकी वाड्यापाशी पोहोचतो. स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हानियात कधी गेला नव्हता. त्याचा पर्वत पुस्तकांतून व नकाशांतून उभा राहिला. १९२२ साली मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाने ‘नोस्फेराटू’ या मूकपटात हीच चौकट पडद्यावर आणली. शहरातील प्रवासी, सावध करणारा गावकरी, ओलांडलेली सीमा आणि एकाकी वास्तू हे चार घटक पुढे जगभरच्या भयपटांत कायम राहिले. कुब्रिकच्या १९८० च्या ‘द शायनिंग’ मध्ये वाड्याच्या जागी हिमाने कोंडलेले हॉटेल आले, इतकाच फरक.

हिंदी चित्रपटाने ही चौकट आपल्या पद्धतीने स्वीकारली. १९४९ च्या ‘महल’ ने पुनर्जन्म व रिकामा वाडा यांचा मेळ घातला. १९५८ साली बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ ने त्यास डोंगराची जोड दिली: वादळी रात्र, दरड कोसळून अडलेली वाट, आसऱ्यासाठी शिरलेला प्रवासी आणि त्यास ओळखीचा वाटणारा वाडा. या चित्रपटाचे बाह्यचित्रण नैनितालच्या परिसरात झाले. परंतु त्यातील बरीच फिल्म धुरकटून वाया गेल्यामुळे काही भाग इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात पुन्हा चित्रित करावा लागला, आणि कुमाऊँच्या देखाव्याशी जुळावे म्हणून तेथे पाइनची कृत्रिम झाडे उभी करण्यात आली. ही हकीकत सूचक आहे. सह्याद्री पडद्यावर आला तो दुसऱ्या डोंगराचा वेष घेऊन. आणि प्रेक्षकांस तो ओळखता आला नाही, कारण भयपटातील डोंगर ओळखण्यासाठी नसतोच. १९६२ च्या ‘बीस साल बाद’ मध्ये भुताच्या आड अखेर माणूस निघतो. त्या दशकातील अशा अनेक चित्रपटांनी भुताचे रहस्य उलगडून प्रेक्षकांस घरी पाठविले.

रामसे कुटुंबाची वाट निराळी होती. फत्तेचंद रामसे यांच्या १९७० च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या चित्रपटास यश आले नाही. परंतु पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा धारण करून चोरी करतात तो प्रसंग पाहून प्रेक्षक दचकतात, हे त्यांच्या मुलांच्या ध्यानी आले. त्यातून केवळ भयासाठी चित्रपट काढण्याची कल्पना निघाली. तुलसी व श्याम हे बंधू दिग्दर्शन करीत, इतर भावांनी पटकथा, छायाचित्रण, ध्वनी अशी अंगे सांभाळली. ‘दो गज जमीन के नीचे’ साठी मंडळी महाबळेश्वरी जाऊन राहिली व तेथेच अल्प खर्चात चित्रण उरकले. पुढे मुरूड येथील जंजिऱ्याच्या नबाबाचा वाडाही त्यांच्या चित्रपटांत दिसू लागला. महाबळेश्वर काय, मुरूड काय, मुंबईहून एका दिवसाच्या प्रवासात गाठता येणाऱ्या या जागा. रिकामी वास्तू, मोकळे रान आणि महाबळेश्वरी धुके जवळपास फुकट. ज्यास प्रेक्षक दुर्गम प्रदेश समजला, तो वस्तुतः मुंबईच्या चित्रव्यवसायाचा शेजार होता.

या चित्रपटांतील स्थलनामे पाहण्यासारखी आहेत. ‘मधुमती’ त श्यामनगर आहे, ‘बीस साल बाद’ मध्ये चंदनगढ आहे. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ ने विजापूर हे खरे नाव घेतले, पण ते पडद्यावरील जागेशी जुळण्याची गरज कोणास भासली नाही. सामरी हा त्यातील राक्षस ना डोहाचा, ना पिंपळाचा, ना शिवेचा. तो पेटीत बंद केलेला, कोठेही नेता येण्याजोगा आहे. जागा सुटली की क्रियापदही बदलते. सामरी कोणास ‘लागत’ नाही, तो ‘दिसतो’. त्याचा चेहरा अंधारातून एकदम पुढे येणे हाच प्रसंगाचा उत्कर्षबिंदू. पडद्यावर दाखविता येत नाही ते नाही, हा माध्यमाचा नियम असल्यामुळे चकव्यासारख्या निराकार भयास तेथे जागा उरली नाही.

याचा सर्व दोष रामसे बंधूंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मोठ्या शहराबाहेरच्या, लहान गावांतील चित्रपटगृहांत त्यांचे चित्रपट प्रेमाने पाहिले गेले. ज्यास प्रतिष्ठित समीक्षेने उपहासाने वगळले, त्यास सामान्य प्रेक्षकाने स्वीकारले. त्यांच्या वाड्यांतून जमीनदाराचे जुने पाप पुढच्या पिढीस भोवते ही लोककथेतील न्यायबुद्धीही टिकून राहिली. परंतु त्यांत एक गोष्ट कायमची बदलली: कथेचा डोळा सदैव वर येणाऱ्या प्रवाशाचा राहिला. पायथ्याचा माणूस हातात कंदील धरून, न ऐकला जाणारा इशारा देऊन, दुसऱ्या दृश्यात नाहीसा होतो. त्याची बोलीही बहुधा कोठलीच नसते. ती चित्रपटी ‘गावठी’ हिंदी असते.

५

या शतकात दोन चित्रपटांनी या चौकटीस धक्का दिला. त्यांतील एक भयपट आहे, दुसरा नाही.

पोलादपूरच्या दक्षिणेस कशेडीचा घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुका लागतो. जगबुडी नदीच्या काठचे तुंबाड हे गाव त्या तालुक्यातले. श्री. ना. पेंडसे यांनी १९८७ साली ‘तुंबाडचे खोत’ या द्विखंडात्मक कादंबरीने त्या गावास मराठी वाङ्मयात स्थान दिले. २०१८ साली राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाने ते नाव उचलले. कथानक मात्र पेंडशांचे नव्हे. त्यामागे नारायण धारप यांच्या भयकथेची प्रेरणा असल्याचे दिग्दर्शकाने सांगितले आहे. १९१८ ते १९४७ या काळात घडणाऱ्या या कथेत लोभी विनायक पुण्याहून पुन्हा पुन्हा तुंबाडास येतो आणि वाड्याखालील गर्भात दडलेल्या हस्तराच्या लंगोटीतील सोन्याच्या मोहरा चोरतो. चित्रण अनेक पावसाळ्यांत झाले. जवळजवळ प्रत्येक बाह्य दृश्यात पाऊस आहे.

‘तुंबाड’ मध्ये भय पुन्हा जागेस बांधले गेले, हे त्याचे मोठेपण. हस्तर वाड्याखालून बाहेर येत नाही. त्याच्या स्पर्शाने शाप ‘लागतो’. कोकणचा पाऊस प्रथमच देखाव्याच्या भूमिकेतून निघून कथेच्या अंगात भिनला. तथापि चित्रपटात हा पाऊस देवांच्या कोपाचा आहे, आणि गाव जवळजवळ निर्मनुष्य आहे. नावाचा प्रवासही विचारात घेण्यासारखा आहे: गाव, कादंबरी, चित्रपट. कादंबरीत गावाच्या नावाबरोबर खोतांच्या पिढ्या, कुळे, नदी, जमिनीचे तंटे आले. चित्रपटात नाव राहिले आणि गाव गेले. ज्या प्रेक्षकाने फक्त चित्रपट पाहिला, त्याच्या लेखी तुंबाड ही भुताची जागा आहे.

दुसरा चित्रपट म्हणजे २०१९ चा प्रसाद ओक दिग्दर्शित ‘हिरकणी’. कोजागरीच्या दिवशी रायगडावर दूध घालण्यास गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली वाडीत तान्हे मूल आणि अंधारात उतरलेला कडा ही आख्यायिका मराठी मुलांस पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. परंतु हिरकणी बुरूज आणि पायथ्याची हिरकणीवाडी या नावांत ती जिवंत आहे. भयपटाची सर्व साधने या कथेत आहेत: रात्र, कडा, श्वापदे, एकटी स्त्री. तरीही ती भयकथा नाही. कारण येथे कथेचा डोळा पायथ्याच्या माणसाचा आहे. हिरकणीस कड्याचे भय नाही असे नव्हे. तिला ते पुरेपूर आहे, कारण तिला तो कडा माहीत आहे. अपरिचयातून येणारे भय माणसास जागीच खिळविते. परिचयातून येणारे भय त्यास पाऊल कोठे टाकावे हे शिकविते. एकाच डोंगराविषयीच्या या दोन भयांत अंतर आहे ते एवढे.

६

हे अंतर केवळ वाङ्मयीन राहिले असते तर त्याचा इतका ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु या खोऱ्याचा अलीकडील इतिहास वेगळे सांगतो. २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला व एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीहून महाबळेश्वरकडे निघालेली सहलीची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. एकच प्रवासी वाचला. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही माणसे दगावली, आणि महाड शहर पुरात बुडाले.

भयपटांनी ज्या डोंगरास धुक्याने, वादळाने व विजेने सजविले, त्या डोंगराचे खरे भय हे आहे. त्यास चेहरा नाही. ते दिसत नाही. दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. व्याकरणदृष्ट्या ते चकव्याच्या व गिऱ्ह्याच्या जातीचे आहे: ठरावीक उतारावर, ठरावीक ऋतूत, ठरावीक पाण्याबरोबर येणारे. ‘मधुमती’ त दरड येते ती प्रवाशास वाड्यापर्यंत पोहोचविण्यासाठी. तिचे काम संपले की कथा तिला विसरते. खोऱ्यात दरड हीच कथा असते.

येथे एक आक्षेप संभवतो. जुन्या भुतांच्या नावांनी तरी कोणत्या दरडीपासून कोणास वाचविले? आक्षेप रास्त आहे. गिऱ्ह्याच्या समजुतीने पुलाचे आयुष्य वाढत नाही आणि वेताळाच्या दगडाने उतार धरून ठेवला जात नाही. रस्त्यासाठी डोंगर कापणे, झाडी तोडणे, पावसाचे बदललेले मान या कारणांचा शोध भूशास्त्राने व शासनानेच घेतला पाहिजे. लोकभाषेची योग्यता दुसऱ्या ठिकाणी आहे. जागेस नाव असणे, त्या नावाबरोबर ‘येथे केव्हा जाऊ नये’ हे वाक्य असणे आणि ते मुलांस ऐकू येणे, ही स्थलज्ञानाची एक पद्धत होती. तिचा आशय चुकीचा असला तरी तिची रचना उपयोगी होती. आज शासकीय भाषेत ‘दरडप्रवण’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द अचूक आहे. परंतु तो यादीतला शब्द आहे, वाटेवरचा नाही. सबंध गावास तो एकच विशेषण लावतो. कोणता उतार, कोणता ओहोळ, कोणती नाळ, हे तो सांगत नाही.

७

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, भयपटाने डोंगराविषयीचे भय निर्माण केले नाही. ते त्याने वाटेवरून उचलून पडद्यावर नेले. तसे करताना ‘लागणे’ जाऊन ‘दिसणे’ आले, पायथ्याचा डोळा जाऊन प्रवाशाचा डोळा आला, आणि जागेचे नाव गळून पडले. परिणामी आंबेनळीच्या वळणावर गाडी थांबवून धुके पाहणाऱ्या शहरी माणसास पडद्यावरील भुताची आठवण होते. वरच्या उताराकडे पाहावे, हे त्यास सुचत नाही.

या दृष्टीने भाषेच्या अभ्यासकांपुढे एक निकडीचे काम आहे. दरडीनंतर वाड्यांचे पुनर्वसन होते तेव्हा माणसे व घरे हलतात. माळ, कोंड, नाळ, डोह, खिंड, पाणवठे यांची नावे जुन्या जागीच राहतात आणि एका पिढीत विसरली जातात. महाड व पोलादपूर तालुक्यांतील अशी सूक्ष्म स्थलनामे, त्यांच्याशी निगडित भुतांच्या गोष्टी व त्या गोष्टींतील क्रियापदे ज्यांना आठवतात त्या वृद्धांकडून, त्यांच्याच बोलीत, गावोगाव नोंदविली गेली पाहिजेत. रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. हिरकणीवाडीतून निघालेला पाहुणा काही मिनिटांत माथ्यावर पोहोचतो आणि कडा त्याच्या पायांखालून निघून जातो. तो कडा कोठे धरता येतो व कोठे सुटतो हे ज्यांना ठाऊक होते, त्यांचे शब्द तरी लिहून ठेवणे हे अद्याप आपल्या हाती आहे.